मल्हारातला कोमल रिषभ

काकांनी छापील पान माझ्यापुढे ठेवलं, एका ओळीवर बोट टेकवलं आणि विचारलं, ‘‘अगं, मियाँमल्हारात कोमल रिषभ कुणी घातला?’’

ओळ अशी होती: रे॒मरेसा. पहिल्या रेखाली बारीक आडवी रेघ. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मियाँमल्हार रागात गंधार (ग) कोमल आहे, निषाद (नि) दोन्ही आहेत, पण रिषभ (रे) शुद्ध. काकांना ही चूक वाचून कळली नव्हती. ते ओळ गुणगुणत होते आणि गळा तिथे अडला होता.

मी मूळ वही काढली. आजोबांनी आधी रेपग॒मरेसा असं लिहिलं होतं आणि नंतर वेगळ्या शाईने ‘पग॒’वर काट मारली होती. रेखाली काहीच नव्हतं, ना रेघ ना डाग. म्हणजे चूक आजोबांची नव्हती, छापखान्याचीही नव्हती, कारण छापलं घरच्याच प्रिंटरवर होतं. ती रेघ माझ्या फाइलीत होती आणि ती मी घातल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. आजोबा संगीत शिकवायचे. १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं, तेव्हापासून या गावात गाणं वहीत उतरवून ठेवायची सवय पुष्कळ घरांना लागली. आमच्याकडे त्यातून १४ वह्या उरल्या आहेत. बंदिशी, आलाप, ताना, मध्येच किराणा मालाचे हिशेब. काही पानांना कसर लागली आहे, काहींच्या घड्या तुटल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की नोकरीचं काम आटोपल्यावर रोज रात्री एक पान टाइप करायचं. काका तपासणार, मी दुरुस्त करणार.

टाइप करायला मी ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम (टेक्स्ट एडिटर) घेतला, कारण दिवसभर हात त्याच्यावरच असतात आणि त्यात स्वतःची टंकनपद्धत बांधता येते. ईमॅक्समध्ये क्वेल नावाचा भाग आहे. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटावं याचे नियम त्यात लिहून देता येतात. माझे नियम सोपे होते. एस दाबलं की सा, आर दाबलं की रे, तसेच जी, एम, पी, डी, एन. नंतर अंडरस्कोर दाबला तर कोमल, एमनंतर एकेरी अवतरण दाबलं तर तीव्र म॑, मोठा एस म्हणजे तार सप्तकातला सां, आणि स्वरानंतर स्वल्पविराम दिला की मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा, खालचा ठिपका. कोमलची रेघ आणि तीव्रची उभी रेघ यांसाठी युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या, वेदपाठाच्या खुणा वापरल्या, अनुदात्त आणि उदात्त. क्रमांक ०९५२ आणि ०९५१. वेदातली स्वरखूण बंदिशीच्या कामी आली याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

दुसरी सोय म्हणजे एक छोटी कमांड. ईमॅक्समध्ये झॅप-टू-कॅर म्हणून जुनी कमांड आहे: आल्ट आणि झेड दाबायचं, एक अक्षर सांगायचं, की कर्सरपासून त्या अक्षरापर्यंतचा मजकूर, ते अक्षर धरून, कापला जातो. तिच्यावरून मी माझी ‘स्वरापर्यंत-काप’ लिहिली. वहीत काट मारलेले तुकडे फार. आधी सगळं टाइप व्हायचं, मग काट दिसायची, मग कापावं लागायचं. दिवसातून पन्नास वेळा तरी ती कमांड चालत असेल. म्हणून काकांनी बोट ठेवलं तेव्हा माझं मन पहिल्यांदा तिकडेच गेलं.

त्या रात्री मी ईमॅक्स कोऱ्या अवस्थेत सुरू केला, म्हणजे माझ्या इतर कुठल्याही सेटिंगशिवाय, आणि फक्त दोन फाइली लादल्या: टंकनपद्धत आणि कमांड. रेपग॒मरेसा टाइप केलं. कर्सर पहिल्या रेच्या लगेच पुढे नेला. कमांड दिली, जी आणि अंडरस्कोर दाबलं. पडद्यावर उरलं रे॒मरेसा.

एवढ्या सहज चूक पुन्हा घडेल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं वापरत होते मी हे.

मग रेवर कर्सर ठेवून ईमॅक्सला विचारलं की इथे नक्की काय आहे. कंट्रोल-यू देऊन कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की कर्सरखालच्या अक्षराची पूर्ण कुंडली निघते. मला अपेक्षा होती तीन क्रमांकांची: र म्हणजे ०९३०, एकाराची मात्रा ०९४७, आणि कोमलची रेघ ०९५२. निघाले चार. ०९५२ दोनदा. दोन रेघा एकीवर एक बसल्या होत्या आणि डोळ्यांना एकच दिसत होती.

आणि तेव्हा मला माझ्याच बोटांची एक सवय आठवली. काप दिल्यावर मी लगेच एकदा बॅकस्पेस दाबते. कधीपासून? अगदी सुरुवातीपासून. कोमल स्वरापर्यंत कापलं की कर्सरपाशी एक भटकी रेघ उमटते हे मला माहीत होतं. सापर्यंत कापलं की सुटा काना उमटतो, निपर्यंत कापलं की सुटी वेलांटी. ‘‘काहीतरी किरकोळ आहे, बघू कधीतरी,’’ असं म्हणून मी बॅकस्पेस दाबत राहिले आणि ते हाताला इतकं लागलं की डोकं त्यात उरलंच नाही. नजर वहीवर, बोटं आपल्या नादात.

मल्हारात हेच झालं होतं. दोन रेघा होत्या, माझ्या बॅकस्पेसने एक नेली, दुसरी रेला चिकटून राहिली. काना किंवा वेलांटी अशी सुटली तर ती लपत नाही. ती आधीच्या ग-पला लागून ‘गा’, ‘पि’ असं भलतंच काही करते, नाहीतर तिच्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, ‘मला अक्षर द्या’ म्हणून ती ओरडतेच. रेघ मात्र ओरडत नाही. शेजारी जो स्वर असेल त्याच्याखाली निमूट जाऊन बसते आणि त्याला कोमल करते.

दोन रेघा आल्या कुठून, हे समजून घ्यायला कोड उघडला. पहिली रेघ इनपुटमधून आली होती, दुसरी शोधातून. दोन वेगळे दोष होते आणि त्यातला एक दुसऱ्याला झाकत होता.

इनपुटचा आधी सांगते. माझी कमांड स्वर विचारण्यासाठी रीड-कॅर वापरत होती. नावातच आहे, ते एक अक्षर वाचतं. नुसतं वापरलं तर ते टंकनपद्धतीला विचारतच नाही. मी जी दाबलं तर त्याला रोमन जी मिळतो, आणि बंदिशीत रोमन जी कुठून असणार? शोध फसतो. हे मला अगदी पहिल्या दिवशी कळलं होतं. रीड-कॅरला दुसरा अर्ग्युमेंट, म्हणजे सोबतची जादा सूचना, दिला की ते चालू असलेल्या टंकनपद्धतीतून वाचतं, तेवढा एक ‘टी’, म्हणजे ‘हो’, जोडला आणि काम झालं असं समजले. तपासलं कशावर? ग, म, प आणि ध. हे चारही शुद्ध स्वर युनिकोडमध्ये एकेका क्रमांकाचे. सा, रे, नि यांचे मात्र दोन-दोन, कारण अक्षर वेगळं आणि मात्रा वेगळी. कोमल स्वराला रेघेचा आणखी एक. नि॒ म्हणजे तीन. मी सातातले चार स्वर तपासले आणि चारही नेमके असे निवडले गेले की दोष दिसणारच नाही.

टंकनपद्धत एका फटक्यात अनेक अक्षरं देऊ शकते. तशी तिने दिली की रीड-कॅर पहिलं उचलतं आणि निघून जातं. उरलेली ईमॅक्स फेकून देत नाही, ती एका रांगेत उभी करतं. कमांड संपली की त्या रांगेतली अक्षरं मी आत्ताच टाइप केल्यासारखी मजकुरात उतरतात. मी सांगितलं ‘ग॒पर्यंत काप’, कमांडने ऐकलं ‘गपर्यंत काप’, आणि राहिलेली रेघ कर्सरपाशी येऊन पडली. सा सांगितला तर तिने स ऐकला, काना सांडला. माझ्या भटक्या रेघा, काने, वेलांट्या, सगळ्यांचा उगम हाच.

पहिली दुरुस्ती मला सुचली ती म्हणजे त्या रांगेतूनच उरलेली अक्षरं गोळा करायची. त्या रांगेला ईमॅक्समध्ये नाव आहे, ती उघडून बघता येते. रीड-कॅर झालं की रांग रिकामी करायची, आलेलं सगळं जोडून पूर्ण स्वर बनवायचा. अर्ध्या तासात चाललंही. सा नीट, नि नीट, नि॒ नीट. मग नुसता ग दिला. टंकनपद्धत थांबून राहिली, कारण जीनंतर अंडरस्कोर येईल का हे तिला माहीत नसतं. मी एंटर दाबला. ग कापला गेला आणि त्याच एंटरने ओळ दुभंगली. एंटर हे स्वराचं उत्तर नव्हतंच ना, ती वेगळी कळ. ती रांगेत थांबली आणि नंतर मजकुरात उतरली. म्हणजे एक सांडणं बंद करताना मी दुसरं उघडलं होतं. शिवाय बाण दाबला की रीड-कॅर चूक दाखवून कमांड मोडायचं ते होतंच, कारण बाण हे अक्षर नाही.

रात्रीचा एक वाजला होता. मला त्या कोडला आणखी ठिगळ लावावंसं वाटलं, पण थांबले. प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. मला एक अक्षर नको होतं, एक स्वर हवा होता, आणि स्वर किती क्रमांकांचा असेल हे आधी सांगता येत नाही. मग ‘एक अक्षर दे’ म्हणणारी सोय वापरायचीच कशाला?

दुसऱ्या दिवशी रीड-कॅर काढलं. त्याऐवजी मिनीबफर घेतला, म्हणजे खालची ती एक ओळ, जिथे ईमॅक्स फाइलीचं नाव वगैरे विचारतं. रीड-फ्रॉम-मिनीबफर या फंक्शनचा अगदी शेवटचा, सातवा अर्ग्युमेंट ‘टी’ दिला की मजकुरात चालू असलेली टंकनपद्धत मिनीबफरमध्येही चालू राहते. तिथे नि॒ पूर्ण उमटतो, दिसतो, चुकला तर खोडता येतो, बाणाने मागे-पुढे जाता येतं, कंट्रोल-जीने सोडून देता येतं, आणि एंटर दाबला की तो एंटर तिथेच खर्ची पडतो. दर वेळी एक कळ जास्त दाबावी लागते. ती मला मान्य आहे. आपण काय मागितलं हे कापायच्या आधी डोळ्यांना दिसतं, याची किंमत एका कळेहून नक्की जास्त आहे.

सांडणं थांबलं. बोटं मात्र दोन-तीन दिवस बॅकस्पेस दाबतच होती, आणि आता त्याने चांगलं अक्षर खोडलं जाई. मुद्दाम हात आवरावा लागला.

आता दुसरा दोष. तो जास्त खोल होता. पूर्ण स्वर वाचला तरी शोध क्रमांकांचाच होतो. मी शुद्ध ग मागितला आणि पुढे ग॒ असेल, तर ईमॅक्सच्या शोधाला तिथे ग सापडतोच, कारण ग॒ची सुरुवात गनेच होते. तो तेवढा ग कापतो, रेघ मागे राहते, आणि मागची रेघ आधीच्या स्वराला कोमल करते. म्हणजे इनपुट शंभर टक्के बरोबर असलं तरी मल्हारात कोमल रिषभ येऊ शकत होता.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘शुद्ध गंधार आणि कोमल गंधार हे दोन स्वर आहेत. ‘ग’ आणि वर ‘थोडा कोमल’ असं नसतं बेटा. तुझ्या मशीनला हे कोण सांगणार?’’

मीच सांगणार होते. शोधात अट घातली: स्वर सापडला की त्याच्या लगेच पुढचं चिन्ह बघ. ते आधीच्या अक्षराला चिकटणारं असेल, म्हणजे मात्रा, रेघ, ठिपका, हलंत यांपैकी काही, तर हा आपला स्वर नव्हे, पुढे चल. युनिकोड प्रत्येक चिन्हाचा प्रकार नोंदवून ठेवतं आणि ईमॅक्सला तो विचारता येतो. चिकटणाऱ्या चिन्हांचा एक प्रकार मला माहीत होता, तो घातला. स्वर नीट कापले जाऊ लागले. बंदिशीच्या शब्दांवर मात्र पुन्हा गडबड. न मागितला तर ‘ने’ आणि ‘नु’ सोडून कमांड बरोबर पुढे जाई, पण ‘ना’ किंवा ‘नि’ आला की तिथेच न कापून काना-वेलांटी अनाथ करी.

बराच वेळ मला वाटलं की फाइलीत काही तरी अदृश्य चिन्ह शिरलं आहे. मग एकेक मात्रा घेऊन प्रकार विचारत गेले. युनिकोडमध्ये मात्रांचे दोन प्रकार आहेत. एकार, उकार, अनुस्वार, हलंत अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, स्वतःची रुंदी घेत नाहीत. त्यांचा प्रकार एक. काना, पहिली-दुसरी वेलांटी, ओकार ओळीत स्वतःची जागा घेतात. त्यांचा प्रकार दुसरा. शाळेत बाराखडी शिकताना ‘ना’ आणि ‘ने’ एकाच माळेतले मणी असतात. पण ही विभागणी छपाईच्या हिशेबाने केलेली आहे. दोन्ही प्रकार अटीत घातले. सोबत मागच्या बाजूलाही नजर टाकायला लावली. आधीचं चिन्ह हलंत असेल तर हे अक्षर जोडाक्षराचं शेपूट आहे, त्यालाही सोडून दे. युनिकोडनेसुद्धा देवनागरी जोडाक्षर तोडायचं नाही हा नियम २०२३ साली १५.१ या आवृत्तीत घातला, हे मला याच कामात वाचताना कळलं.

मध्ये एक प्रसंग झाला तो लिहून ठेवते, कारण अशी कमांड कुणी लिहीत असेल तर उपयोगी पडेल. शोध पुन्हा पुन्हा करायचा म्हणून मी तो एका चक्रात घातला, आणि स्वर न सापडल्यास चूक दाखवू नये म्हणून एक पर्याय दिला. त्या पर्यायाला ‘टी’ दिलं तर शोध गप्प परततो, कर्सर हलत नाही. दुसरं काही दिलं तर तो गप्प परततो, पण कर्सर मजकुराच्या शेवटाला नेऊन ठेवतो. मी घाईत दुसरं दिलं होतं. एका ओळीत नसलेला ध॒ मागितला आणि त्या ओळीपासून खाली पूर्ण भीमपलासी गायब झाली. तीन रात्रींचं काम. पूर्ववत केल्यावर परत आली, जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्येही होती, काही गेलं नाही. पण तो पांढरा पडदा पाहून पोटात जो गोळा आला तो विसरता येत नाही. आता माझी कमांड आधी शोधते, सापडल्याची खात्री करते, आणि मगच कात्रीला हात लावते. न सापडल्यास खाली स्पष्ट लिहिते की ‘या पुढे ध॒ नाही’ आणि कर्सर होता तिथेच ठेवते.

शेवटचा अडथळा मंद्र सप्तकाचा. खाली ठिपका असलेला ऩि काही पानांवर सापडे, काहींवर नाही, आणि दिसायला दोन्ही अगदी सारखे. ती पानं माझ्या मावसभावाने फोनवर टाइप करून पाठवलेली होती. ठिपक्याचा न युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: तयार एकच अक्षर, क्रमांक ०९२९, किंवा साधा न ०९२८ आणि पुढे नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समान आहेत, पण साध्या शोधाच्या दृष्टीने नाहीत. मग फाइल साठवतानाच सगळं एका रूपात आणायची सोय केली आणि मिनीबफरमधून आलेला स्वरही त्याच रूपात आणला. इथे एक गंमत कळली. मंद्र रिषभासाठी रला नुक्ता दिला की त्याचं तयार रूप ०९३१, म्हणजे ऱ. आपल्या ‘सुऱ्या’ आणि ‘दऱ्या’तला ऱ. मंद्रातला रिषभ आणि मराठीतला हा ऱ युनिकोडच्या लेखी एकच अक्षर आहेत.

मग चाचण्या लिहिल्या. ईमॅक्सबरोबर ईआरटी येतं, त्यात ‘हा मजकूर, ही कमांड, हे उत्तर’ असं लिहून ठेवता येतं. पहिली चाचणी काकांची: रेपग॒मरेसा, रेच्या पुढे कर्सर, ग॒पर्यंत काप, उत्तर रेमरेसा. दुसरी त्याच ओळीवर, पण शुद्ध ग मागून; उत्तर: काहीही कापू नकोस. पुढे नि आणि नि॒ शेजारी असलेली ओळ, कारण मियाँमल्हारात नि॒धनिसा हा तुकडा सतत येतो आणि दोन निषाद गुंतण्याचा धोका तिथेच सगळ्यात जास्त. मागच्या दिशेने कापणं. ओळीच्या शेवटी स्वर असणं. रिकामा एंटर. एकंदर १९ झाल्या. प्रत्येकीमागे एकदा खरोखर घडलेली चूक आहे, कल्पनेने एकही लिहिलेली नाही.

कमांड सुधारली, पण दोन वर्षांच्या फाइलींचं काय? हे काम कोडपेक्षा मोठं निघालं.

एकावर एक बसलेल्या दोन रेघा शोधणं सोपं होतं, त्या सगळ्या लगेच सापडल्या. एकटी उरलेली रेघ शोधायला मी प्रत्येक रागाला कुठले स्वर चालतात याचा तक्ता केला आणि फाइली त्याच्यापुढून काढल्या. भीमपलासीत कोमल रिषभ दिसला, यमनात कोमल निषाद दिसला, तर खूण कर. ३७ खुणा निघाल्या. मी ती यादी काकांना नेऊन दिली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, वही मागितली आणि पहिल्या खुणेपासून गायला सुरुवात केली. वाचत नव्हते, गातच होते. पाचव्या खुणेला थांबले. (आजोबांना ते अण्णा म्हणतात.) ‘‘हा चुकलेला नाही. हा अण्णांनी मुद्दाम लावलाय, विवादी आहे, रागाबाहेरचा. बघ, कसा निसटता लागतो.’’ आणि तो निसटता स्वर त्यांनी तीनदा लावून दाखवला. ३७ पैकी २६ ठिकाणी आजोबांनी जाणूनबुजून तो स्वर घेतला होता. ११ ठिकाणी माझ्या कमांडने रेघ सोडली होती. हे तक्त्याने कळलं नसतं. तक्ता फक्त विचारू शकत होता.

आणि भैरवीला तर तक्ता काही विचारूही शकत नाही. भैरवीत बाराही स्वर घेतले जातात. तिथे रेखाली रेघ असली काय, नसली काय, रागाच्या नियमाने काहीच चुकत नाही. भैरवीच्या सहा बंदिशी आम्ही वहीच्या एकेका ओळीला ओळ लावून पाहिल्या. तीन संध्याकाळी गेल्या. काकू चहा ठेवून जायच्या आणि तो तसाच गार व्हायचा.

सगळं जुळलं, एक जागा सोडून. एका अंतऱ्याच्या शेवटी माझ्या फाइलीत रे॒ होता. वहीत नेमक्या त्या रेखाली कसरीने कागद खाल्लेला. रेघ होती की नव्हती हे कागदावरून सांगणं अशक्य होतं. काकांनी ओळ कोमल रिषभाने म्हटली, मग शुद्धने, मग पुन्हा कोमलने. ‘‘दोन्ही बसतात,’’ म्हणाले आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांनी जिन्यातून हाक मारली. ‘‘शुद्ध आहे गं तो. अण्णा त्या ठिकाणी हात असा वर न्यायचे. कोमलाला हात वर जात नाही. आत्ता देवपूजा करताना आठवलं.’’ बोलता बोलता त्यांचा स्वतःचा हात वर गेला होता.

मी तशीच लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले, ती ओळ उघडली, कर्सर रेच्या पुढे नेला आणि बॅकस्पेस एकदा दाबला.